काडी ज्याची, त्यानंच बोलावं

आमचे सुधाकर भाऊजी तरुणपणी एकदा मुलगी बघायला उज्जैनला गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, कशी आहे? तर म्हणाले, "घर चांगलं आहे. गच्चीवरून एक तार आड येत नाही की झाड नाही. आभाळ असं मोकळं आहे, वहिनी." मी म्हटलं, मुलगी कशी आहे? त्यावर त्यांना जरा विचार करावा लागला. ते लग्न झालं नाही आणि पुढचीही झाली नाहीत. मुलीकडच्यांना मी कधी दोष दिला नाही. नवरी बघायला जाऊन ज्याला गच्ची दिसते, त्याच्या गळ्यात कुणी माळ घालावी?

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वझलवारांचं घर मूळचं नागपूरचं. राजधानी भोपाळला झाली तेव्हा सासरे कचेरीच्या फायलींबरोबर इथं आले आणि इथलेच होऊन गेले. भाऊजी कारखान्यात लागले, मोटारींच्या तारा गुंडाळायच्या विभागात, आणि जन्मभर तारा गुंडाळून निवृत्त झाले. अवधपुरीतल्या घरात माझे यजमान गेल्यापासून खाली मी आणि वर भाऊजी. जेवायला खाली यायचे, जेवून वर जायचे. भांडायलाही तेवढाच वेळ मिळायचा.

भांडण एकाच गोष्टीवरून. त्यांना दिवाळीतल्या बाणांचा नाद होता. दुकानात मिळतात ते नव्हेत, हातानं केलेले. कागदाची नळी वळायची, तिला बांबूची लांब काडी सुतळीनं बांधायची, आणि तो बाण आभाळात जाऊन असा फुलला पाहिजे की बघणाऱ्याची मान दुखेपर्यंत खाली येऊ नये. परवाना नसताना असलं काही घरी करणं गुन्हा आहे. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि मी त्यांना त्याची सणावारी आठवण करून देत असे. एकदा म्हटलं, "लोक रिटायर झाले की पेपर घेऊन बसतात." ते म्हणाले, "मीपण पेपरच घेऊन बसतो न, वहिनी," आणि नळ्या वळत राहिले.

हसू येई, राग येई, आणि खोटं कशाला बोलू, दिवाळीनंतर मोकळ्या रानात ते बाण सुटत तेव्हा मीही मान वर करून उभी राहत असे.

एका वेड्याला दुसरा वेडा सापडतोच. भाऊजींना पाचसहा सापडले. अरेरा कॉलनीतले गिरीश देशकर, हे सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आणि मिसरोदच्या पुढं शेत बाळगून असलेले. शाळेत विज्ञान शिकवणारे मिलिंद सर. आणि सगळ्यांत तरुण प्रतीक, आमच्याच मागच्या गल्लीत भाड्यानं राहणारा इंजिनिअर, ग्वाल्हेरचा. बाकीचे येऊन जाऊन. त्यांनी आपल्या टोळीला आभाळ मंडळ असं नाव ठेवलं होतं आणि मोबाइलवर त्याच नावाचा ग्रुप होता. दिवसभर त्यात कुणाचा बाण कसा गेला, कुणाचा का बसला, याच्या गप्पा. माझ्या एकाही नातेवाइकानं माझ्या आजारपणाची एवढ्या आपुलकीनं चौकशी केलेली नाही.

ग्यारसला, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीला, सगळे गिरीशरावांच्या शेतावर जमत. पीक निघालेलं रान, आसपास वस्ती नाही. दिवस कलला की बाण सोडायचे. मग बॅटऱ्या घेऊन सगळे रानात काड्या शोधायला निघत. बाणाची काडी पुरती जळत नाही, ती कुठंतरी येऊन पडतेच. प्रत्येक काडीच्या बुडाशी करणाऱ्याचं नाव पक्क्या शाईनं लिहिलेलं असे. काड्या गोळा झाल्या की सतरंजीवर बसायचं आणि ज्यानं त्यानं आपली काडी हातात घेऊन सांगायचं: काय केलं होतं, कुठं चुकलं, पुढल्या वर्षी काय बदलणार. मग साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी.

या बैठकीचे नियम भाऊजींनी घातलेले होते. बाण मोकळ्या रानातूनच सोडायचा, घराच्या गच्चीवरून कधीही नाही. नाव लिहिल्याशिवाय काडी बांधायची नाही. ज्याची काडी सापडली नाही, त्यानं ती सापडेपर्यंत ताटावर बसायचं नाही, कारण न सापडलेली काडी कुणाच्या गंजीत धुमसत असेल, कुणी सांगावं? आणि शेवटचा नियम: काडी ज्याची, त्यानंच बोलावं. दुसऱ्याच्या काडीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, त्यातली चूक दिसली तरी. मी एकदा विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "दुसऱ्यानं चूक दाखवली की माणूस लपवायला लागतो, वहिनी. आणि या कामात लपवलं की हात जातो."

बोलणं खरं होतं. म्हणून तर त्याचा एवढा राग येतो.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भाऊजी डावखुरे. आयुष्यभर त्यांनी तारा डाव्या हातानं गुंडाळल्या, आणि सुतळीही तशीच. बाकी सगळ्यांच्या काडीवर सुतळीचे वेढे एका दिशेनं जात, भाऊजींच्या काडीवर बरोबर उलट. मंडळात सगळे त्यांना त्यावरून चिडवत. अंधारात नाव वाचता आलं नाही तरी बोट फिरवून सांगत, ही सुधाकरची, उलटी सुतळी.

काड्या मात्र भाऊजींच्या हातच्याच सरस. बांबू चिरून, तासून, गच्चीवर सावलीत वाळवून ते त्या बोटावर तोलत. दसरा झाला की एका बैठकीत सगळ्या काड्यांवर आपलं नाव लिहून ठेवत. त्या वर्षी प्रतीक आला आणि म्हणाला, "काका, माझ्या काड्या सगळ्या वाकड्या निघाल्या. तुमच्यातल्या द्या ना थोड्या." भाऊजींनी जुडीच उचलून दिली. मी तिथंच पापड वाळत घालत होते. ते म्हणाले, "नाव तासून काढ आणि तुझं लिही." प्रतीक म्हणाला, "राहू दे ना काका, तुमच्या नावाची काडी सरळ जाते." आणि पायाला हात लावला.

यावर भाऊजींनी त्याला झापायला हवं होतं. नियम त्यांचा होता. पण स्तुती कुणाला कडू लागते? ते लाजून हसले. नाव तसंच राहिलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही देवघरात होतो. भाऊजी पाटावर बसून आरतीची वात वळत होते. बाहेर नेहमीचा धुडगूस चालला होता. मध्येच एक सूं असा आवाज गेला आणि त्यांचा हात थांबला. म्हणाले, "हा हातचा आहे." मग लगेच, "सरळ नाही गेला." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत शेजारून किंकाळी आली.

शेजारी शर्वरी. तिच्या आईची आणि माझी बाळंतपणं एकाच दवाखान्यातली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, विद्यापीठाच्या संघातून बॅडमिंटन खेळायची, आणि लहानपणापासून आमच्याकडं अर्धी वाढलेली. भाऊजींच्या नळ्यांना रंगीत कागद चिकटवून देणारी तीच. ती कंपाउंडच्या भिंतीवर पणत्या ठेवत होती. बाण तिरका येऊन तिच्या उजव्या डोळ्याला लागला होता.

भाऊजी अनवाणी धावले. सगळ्यांनी मिळून पोरीला गाडीत घातलं. भाऊजी तिच्या आईला धीर देत होते आणि देता देता त्यांची नजर तुळशीच्या कुंडीकडं गेली. काडी तिथं रुतून उभी होती. त्यांनी ती उपसली, दिव्याजवळ नेली. मीही पाहिली. बुडाशी स्पष्ट अक्षरात सु. वझलवार. आणि वर सुतळीचे वेढे, सरळ.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. पोलीस आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं काडी त्यांच्या हवाली केली.

"नाम आपका है?"

"मेरा है."

"आपने बनाया?"

भाऊजी म्हणाले, "काडी मेरी है." शिपायानं त्याचा अर्थ हो असाच घेतला. कुणीही घेतला असता.

दवाखान्यात मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "भाऊजी, ती सुतळी तुमची नाही."

"हो."

"प्रतीकची आहे. त्यानं घराच्या गच्चीवरून सोडला."

"तो सांगेल, वहिनी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगेल न. त्याला मी शिकवलं आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, तुम्ही नका बोलू, मी सांगते. त्यावर त्यांनी मला शपथ घातली, तीही माझ्या यजमानांची. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं मला शपथ घातली, आणि ती कशासाठी, तर एका पळपुट्याला बोलायला सवड मिळावी म्हणून.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळा जागेवर राहील, पण त्यात नजर येणार नाही. शुद्धीवर आल्यावर शर्वरीनं भाऊजींना आत बोलावलं. मी दारात होते. डोक्याला पट्ट्या, ओठ सुकलेले. म्हणाली, "काका, सच बोलना. तुमचाच होता का?"

भाऊजींनी पलंगाची दांडी धरली. मग तेच वाक्य, "काडी माझी होती, बेटा."

तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. त्यानंतर तिनं त्यांना काका म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. शिपायाच्या तळहातावर काडी, नाव स्पष्ट, सुतळी स्पष्ट. त्याच दिवशी आभाळ मंडळाच्या ग्रुपमधून आधी गिरीशराव बाहेर पडले, मग मिलिंद सर, मग एकेक करत सगळे. भाऊजी मोबाइल हातात धरून बघत होते. शेवटी ग्रुपमध्ये ते एकटे उरले. मी म्हटलं, तुम्हीही निघा. म्हणाले, "कुणीतरी राहायला पाहिजे न. तो परत आला तर सांगणार कुणाला?"

प्रतीक येऊन गेला. चार दिवसांनी, दुपारी. खुर्चीच्या काठावर बसला, चहा घेतला, कप बशीत नुसता फिरवत राहिला. मला वाटलं, आता बोलेल. मी मुद्दाम आत गेले आणि दाराआड उभी राहिले. तो म्हणाला, "काका, तब्येत सांभाळा." भाऊजी म्हणाले, "ग्यारसला भेटू." तो गेला. कपात अर्धा चहा तसाच होता. मी तो मोरीत ओतला आणि कप फोडला. कपाचा काही दोष नव्हता.

त्या वर्षी ग्यारसला कुणी कुणाला भेटलं नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं ते काय सांगू. भाऊजींवर खटला उभा राहिला. तारखेला ते धुतलेला सदरा घालून जात आणि पुढची तारीख घेऊन येत. वकील विचारी, बचावात काही सांगायचं आहे का, तर हे नकारार्थी मान हलवत. कॉलनीतले लोक रस्ता बदलू लागले. गणपतीला महाराष्ट्र मंडळात दरवर्षी आरास त्यांच्याकडं असे. त्या वर्षी सेक्रेटरींनी मलाच गोड शब्दांत सांगितलं, की सुधाकररावांना विश्रांती घेऊ द्या. बाण तर बंदच झाले. गच्चीवर कपडे वाळू लागले. मी इतकी वर्षं मागत होते ती गच्ची मला मिळाली, आणि तिथं गेलं की मला रडू येई.

सकाळी शर्वरीच्या कंपाउंडमधून शटलचा टप टप आवाज येत असे. ती भिंतीवर एकटीच खेळायचा प्रयत्न करी. एका डोळ्यानं अंतर कळत नाही म्हणतात. शटल रॅकेटच्या बाजूनं निघून जाई आणि ती वाकून उचली. भाऊजी वरच्या खिडकीत उभे राहून हे पाहत. रोज. मी म्हणे, नका बघू. तर म्हणत, "प्रतीकच्या घरून हे दिसत नाही न. कुणीतरी बघायला पाहिजे."

मला काय वाटे ते स्पष्ट सांगते. मला त्यांची दया येत नसे. मला त्यांचा संताप येई. पोरगी आपल्यालाच गुन्हेगार समजते आहे, हे या माणसाला आतून खात होतं. जेवण अर्ध्यावर आलं होतं. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. पण नाही. प्रतीक बोलेल, मग मी तिच्यासमोर ताठ मानेनं उभा राहीन, हाच एक जप. देवावरसुद्धा कुणी इतका भरवसा टाकत नाही.

मग दिवाळी पुन्हा आली. भाजी घ्यायला गेले तिथं गिरीशरावांची बायको शिल्पा भेटली. बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, ग्यारसला शेतावर पंधरा जणांची खिचडी करायची आहे. म्हटलं, कसली खिचडी? तिनं जीभ चावली. मंडळ पुन्हा सुरू झालं होतं. नवा ग्रुप, नवं नाव, जुनेच सगळे. हौसेला लाज नसते म्हणतात ते खोटं नाही.

मला वाटलं, हे ऐकून भाऊजी खचतील. त्यांचा चेहरा तर उजळला. "बैठक आहे? मग काड्या निघतील. त्याला बोलावंच लागेल." आणि सदरा इस्त्रीला काढला.

मी बरोबर गेले. आमंत्रण नव्हतं, पण मला अडवण्याची त्यांच्यात कुणाची छाती आहे असं वाटलं नाही. ऑटो मिसरोद ओलांडून शेताच्या बांधाशी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. बाण सोडून झाले होते, हवेत धूर होता, आणि सतरंजीवर मंडळी काड्या घेऊन बसली होती. आम्हाला पाहून गिरीशराव उठले, "अरे, सुधाकर, ये, ये," आणि जागा करून दिली. प्रतीकनं मान खाली घातली.

काड्यांचं वाचन सुरू झालं. मिलिंद सरांचा बाण वर जाऊन विझला होता. त्यांनी आपली चूक सांगितली, सगळे समजूतदारपणे मान हलवत होते. काय प्रामाणिक माणसं, असं वाटावं. प्रतीकची पाळी आली. त्याच्या हातात सुंदर, सरळ काडी होती. तासायला चांगलाच शिकला होता. या वर्षीचा बाण कसा नेमका गेला ते त्यानं सांगितलं आणि काडी खाली ठेवली.

भाऊजी त्याच्याकडं पाहत होते. त्यात राग नव्हता. बाळ पाऊल टाकतंय का, असं आपण बघतो तसं पाहत होते.

ताटं आली. खिचडीचा वास सुटला. भाऊजींनी आपलं ताट बाजूला सारलं. म्हणाले, "मी नाही बसत. माझी एक काडी सापडायची आहे."

नियम सगळ्यांना माहीत होता. मला वाटलं, आता. आता तरी.

आणि प्रतीक बोलला. उठून भाऊजींजवळ आला, गुडघ्यावर बसला, त्यांचा हात हातात घेतला. "काका, किती दिवस असं करणार? झालं ते झालं. चूक कुणाकडूनही होते. आम्ही कुणीच तुम्हाला दोष देत नाही."

दोघातिघांनी "बरोबर आहे" म्हटलं. मिलिंद सरांनी भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला.

मी मेलेल्या माणसाची शपथ मोडली. यजमान वर भेटतील तेव्हा बघून घेईन. उभी राहिले आणि म्हटलं, "सुतळी सरळ होती. तुम्ही सगळे बोट फिरवून सुधाकरची काडी ओळखता. पेपरातला फोटो पाहिला असेल ना? ती काडी यांची, पण बाण या प्रतीकचा. माझ्यासमोर जुडी घेऊन गेला तो."

मला वाटलं होतं, आता गलका होईल. कुणीतरी प्रतीकची गचांडी धरेल. कुणी हललं नाही. गिरीशरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"वहिनी, बसा. आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळ्यांनाच. फोटो पाहिला तेव्हाच कळलं." मग समजावणीच्या सुरात, फाइलवर शेरा मारावा तसे म्हणाले, "प्रतीकची नोकरी गेली असती. बायको बाळंत व्हायची होती तेव्हा. त्यानं नाव घेतलं असतं तर चौकशी आमच्यापर्यंत, या शेतापर्यंत आली असती. सुधाकरच्या मागं कुणी नाही. पेन्शन कुणी बंद करत नाही. आणि तो स्वतःच काही बोलला नाही. आम्हाला वाटलं, त्यानं विचार करूनच घेतलं अंगावर."

भाऊजी म्हणाले, "मी अंगावर नाही घेतलं. मी वाट पाहत होतो."

एवढंच. शिल्पा आमटीचं पातेलं घेऊन उभी होती, तिनं विचारलं, वाढू का? आणि कुणीतरी हळूच ताट पुढं केलं. मग दुसऱ्यानं. एकादशीचा उपास, सकाळपासून पोटात काही नाही, माणसं जेवायला लागली. प्रतीकही आपल्या जागेवर जाऊन बसला. आम्ही दोघं बांधावरून चालत रस्त्यापर्यंत आलो.

अवधपुरीच्या वळणावर भाऊजी म्हणाले, "सगळ्यांना माहीत होतं, वहिनी. मला वाटे, फक्त मला आणि त्याला माहीत आहे." त्यांचा आवाज पुरता उतरला होता. वर्षभर ज्या भिंतीला टेकून उभे होते, ती भिंत नव्हतीच.

सकाळी ते न सांगता खाली आले, चपला घातल्या आणि शेजारच्या फाटकाशी गेले. मी पाठोपाठ. शर्वरी अंगणात होती, हातात रॅकेट. त्यांना पाहून ती आत वळली.

"बेटा, थांब. एक सांगायचं आहे." आणि त्यांनी सांगितलं. सगळं. जुडी कुणी नेली, सुतळी कशी होती, काल शेतावर काय झालं. आयुष्यात ते एका दमात इतकं कधी बोलले नसतील. फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरला होता. मी मध्ये म्हटलं, "शर्वरी, मी साक्षीला आहे." ती माझ्याकडं वळून म्हणाली, "काकू, तुम्ही तर त्यांच्या घरच्याच आहात."

मग भाऊजींकडं पाहिलं. नीट पाहायला तिला मान जराशी वळवावी लागते.

"मी विचारलं होतं ना तुम्हाला. हॉस्पिटलमध्ये. पट्टी बांधलेली होती, तरी बोलावून विचारलं. तेव्हा का नाही बोललात?"

"नियम होता, बेटा. ज्याची काडी, त्यानंच बोलायचं."

"किसका नियम?"

भाऊजींनी गज सोडला.

"माझाच."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "एक साल हो गया. आता केस अंगावर शेकायला लागली, तर दुसऱ्याचं नाव घेताय. राहू द्या. पहले वाला ही ठीक था. त्यात निदान तुम्ही खरं बोलला होता."

आत गेली. भाऊजी बंद दाराकडं पाहत राहिले. मी त्यांच्या दंडाला धरलं आणि घरी आणलं.

त्यानंतर सकाळी ते खिडकीत उभे राहत नाहीत. टप टप आवाज सुरू झाला की रेडिओ लावतात. खटल्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकिलानं सांगितलं, आता खरं बोललात तरी मंडळातलं कुणी साक्षीला येणार नाही, काडी सोडून पुरावा काय आहे, आणि काडीवर तर तुमचंच नाव आहे.